क्यूबातून अमेरिकेत: ‘ओले पाय, कोरडे पाय’ आणि त्यानंतरचं सगळं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

क्यूबन लोकांच्या इमिग्रेशनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘त्यांना काय, पाय ठेवला की ग्रीन कार्ड’, आणि दुसरं ‘ते सगळं ओबामांनी बंद केलं’. दोन्ही अर्धवट आहेत, आणि या अर्धवट माहितीवर विसंबून खरोखर लोकांची आयुष्यं अडकलीयत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

‘ओले पाय, कोरडे पाय’ म्हणजे नक्की काय होतं?

१९९५ ते जानेवारी २०१७ पर्यंत अमेरिकेचं एक धोरण होतं. क्यूबातून निघालेला माणूस समुद्रात सापडला तर तो ‘ओल्या पायाचा’, त्याला कोस्ट गार्ड परत क्यूबाला नेऊन सोडणार, आणि तोच माणूस अमेरिकेच्या जमिनीवर पोचला तर ‘कोरड्या पायाचा’, त्याला राहू देणार आणि वर्षभराने तो ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकणार. माणूस तोच, बोट तीच, कारणही तेच, फरक फक्त पकडलं तेव्हा तो कुठे उभा होता एवढाच. फ्लोरिडातलं ‘की वेस्ट’ नावाचं बेट ते क्यूबा हे अंतर साधारण ९० मैल, म्हणजे १४५ किलोमीटर, आणि त्यातल्या शेवटच्या काही फुटांवर सगळं ठरायचं.

म्हणजे हाच तो १९६६ चा कायदा ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कायदा वेगळा, धोरण वेगळं.

क्यूबन अ‍ॅडजस्टमेंट अ‍ॅक्ट हा संसदेने केलेला कायदा आहे, त्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २ नोव्हेंबर १९६६ ला सही केली आणि तो आजही पुस्तकात आहे. तो एवढंच म्हणतो की क्यूबन माणूस जर रीतसर तपासणी होऊन आत आला असेल किंवा त्याला ‘पॅरोल’ मिळाला असेल, आणि तो अमेरिकेत एक वर्ष राहिला असेल (सुरुवातीला दोन वर्षं होती, नंतर एक केली), तर सरकार त्याला ग्रीन कार्ड देऊ शकतं. देऊ शकतं, द्यायलाच पाहिजे असं नाही. नवरा, बायको किंवा मुलं क्यूबन नसली तरी त्यांनाही यात अर्ज करता येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ग्रीन कार्डची तारीख मागे नेतात, अर्जाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ३० महिने, पण अमेरिकेत आल्याच्या तारखेच्या मागे नाही, त्यामुळे नागरिकत्वही लवकर मिळतं.

इथला ‘पॅरोल’ म्हणजे जेलमधून सुटताना मिळतो तो नव्हे. व्हिसा नसलेल्या माणसाला सरकारने स्वतःच्या अधिकारात तात्पुरतं आत घेणं, त्याला इमिग्रेशनमध्ये पॅरोल म्हणतात. कायद्याचं कुलूप उघडायला हा पॅरोल लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे प्रत्येक सरकार ठरवतं. २०१७ मध्ये ओबामांनी कायदा रद्द केला नाही, त्यांना तो अधिकारही नव्हता, त्यांनी आपोआप पॅरोल देणं बंद केलं.

पण क्यूबनांचेच एवढे लाड का?

लाड म्हणण्यापेक्षा कोल्ड वॉर म्हणा. १९५९ च्या जानेवारीत फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डॉक्टर, वकील, दुकानदार, कारखानदार असा मोठा वर्ग मायामीला आला. सगळ्यांना वाटत होतं की हे सरकार काही महिन्यांत पडेल आणि आपण घरी जाऊ. आई-वडिलांनी मुलांना एकट्याने विमानात बसवून पाठवलं, १९६० ते ६२ च्या दरम्यान अशी १४,००० हून जास्त मुलं आली, त्याला ऑपरेशन पेड्रो पॅन म्हणतात. काही मुलांना आई-वडील परत भेटायला वर्षं लागली.

वॉशिंग्टनच्या दृष्टीने कम्युनिस्ट देशातून पळून आलेला प्रत्येक माणूस हा राजकीय पुरावा होता, त्याला परत पाठवणं शक्यच नव्हतं. १९६५ च्या डिसेंबरपासून १९७३ पर्यंत क्यूबातलं वारादेरो ते मायामी ‘फ्रीडम फ्लाइट्स’ चालल्या, दोन्ही सरकारांच्या संमतीने, त्यातून अडीच लाखांहून जास्त लोक आले. मायामीच्या डाउनटाउनमध्ये पिवळसर रंगाचा एक उंच मनोरा आहे, फ्रीडम टॉवर, मुळात ते एका वर्तमानपत्राचं ऑफिस होतं. साठच्या दशकात तिथे निर्वासितांची नोंदणी व्हायची, डॉक्टर तपासायचे, खायचं सामान मिळायचं. आता एवढी माणसं पॅरोलवर आली आणि तात्पुरती म्हणता म्हणता राहिलीच, त्यांचं कायद्याने काय करायचं, म्हणून १९६६ चा कायदा. तो त्या वेळी आलेल्यांची सोय लावायला केला होता पण त्यात शेवटची तारीखच घातली नाही, म्हणून तो अजून चालू आहे.

मारिएलचं काय प्रकरण होतं?

एप्रिल १९८० मध्ये हवानातल्या पेरूच्या वकिलातीत आसरा मागायला १०,००० हून जास्त माणसं घुसली, एवढ्याशा आवारात, झाडांवर, छपरावर. मग कॅस्ट्रोंनी जाहीर केलं की ज्याला जायचंय त्याने मारिएल बंदरातून जावं, मायामीचे क्यूबन मिळेल ती बोट घेऊन नातेवाइकांना आणायला निघाले, आणि ऑक्टोबरपर्यंत सुमारे सव्वा लाख लोक आले. परतताना बोटींमध्ये अनोळखी माणसंही बसवली गेली, काही तुरुंगातून आणि मनोरुग्णालयांतून काढलेली. अशी माणसं संख्येने कमी होती, पण ‘मारिएलितो’ हा शिक्का सगळ्यांवरच बसला, साधा सुतार किंवा शिंपीसुद्धा गुन्हेगार ठरला. काही जण तर शिक्षा भोगून झाल्यावरही अनेक वर्षं डिटेन्शनमध्ये होते कारण क्यूबा परत घेत नव्हता. अशी बेमुदत कैद चालणार नाही हे त्यांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

मग १९९५ चं धोरण आलं कुठून?

सोव्हिएत युनियन कोसळलं आणि क्यूबाचं तेल, धान्य, पैसा सगळंच आटलं. वीज नाही, बस नाही, रेशनवर मिळतं ते पुरत नाही. लोक ट्रकच्या टायरच्या ट्यूबा, लाकडाच्या फळ्या, पिंप, दोरखंड असं काय मिळेल ते बांधून तराफे करायला लागले, स्पॅनिशमध्ये तराफ्याला बाल्सा म्हणतात म्हणून हे लोक बाल्सेरो. १३ जुलै १९९४ ला ‘१३ दे मार्सो’ नावाची टगबोट पळून जाताना सरकारी बोटींनी तिला घेरलं, पाण्याचे फवारे मारले, ती बुडाली, कित्येक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. ५ ऑगस्टला हवानाच्या मालेकॉनवर, म्हणजे तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, दंगल झाली. त्यानंतर कॅस्ट्रोंनी किनाऱ्यावरचा पहारा सैल केला आणि लोक भर दिवसा, शेजारीपाजारी बघत असताना, तराफे खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. एकट्या ऑगस्टमध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने २०,००० हून जास्त लोकांना समुद्रातून उचललं.

तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांना मारिएल परत नको होतं. १९ ऑगस्टला त्यांनी जाहीर केलं की समुद्रात सापडलेल्यांना फ्लोरिडात आणणार नाही, क्यूबातच असलेल्या ग्वांतानामोच्या अमेरिकन नौदल तळावर नेणार. तिथे तंबूंमध्ये तीस हजारांच्या आसपास माणसं महिनोन्‌महिने बसली. सप्टेंबरमध्ये करार झाला की अमेरिका दरवर्षी किमान २०,००० क्यूबनांना कायदेशीर मार्गाने घेईल (त्यासाठी लॉटरीसुद्धा काढली), क्यूबा तराफे थांबवेल. मग २ मे १९९५ ला ठरलं की ग्वांतानामोतल्या बहुतेकांना आत घ्यायचं, पण यापुढे समुद्रात सापडेल त्याला सरळ परत. जमिनीवर पोचणाऱ्याबद्दल जुनी पद्धत तशीच ठेवली. हे सगळं तडजोडीतून तयार झालेलं आहे, अर्धं मायामीच्या क्यूबन मतदारांसाठी आणि अर्धं बोटी थांबवण्यासाठी, आणि ते तसंच बावीस वर्षं चाललं.

‘जमीन’ नक्की कुठून सुरू व्हायची?

हा प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो पण यावर कोर्टात केस झालीय.

जून १९९९ मध्ये मायामीजवळच्या सर्फसाइड बीचसमोर सहा क्यूबन एका छोट्या बोटीतून आले, कोस्ट गार्डने अडवलं, त्यांनी उड्या मारल्या आणि पोहायला लागले, त्यांच्यावर पाण्याचे फवारे, पेपर स्प्रे, आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. बीचवरचे लोक ओरडून त्यांना हाका मारत होते. मायामीत रस्ते अडवले गेले इतका संताप झाला.

जानेवारी २००६ ची गोष्ट याहून अवघड. फ्लोरिडा कीज या बेटांच्या रांगेत सेव्हन माइल ब्रिज आहे, त्याच्या शेजारी जुना पूल उभा आहे, मूळ १९१२ च्या रेल्वेचा. त्या जुन्या पुलाचे मधले काही भाग काढून टाकलेत. १५ क्यूबन, त्यात बायका-मुलंही, रात्रीच्या अंधारात त्या पुलाच्या खांबापाशी पोचले आणि वर चढले. त्यांना वाटलं पोचलो. कोस्ट गार्डच्या वकिलांनी सांगितलं की पुलाचा हा तुकडा दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे, जमिनीला जोडलेला नाही, म्हणून हे लोक अजून ‘ओलेच’. त्यांना परत क्यूबातल्या मातान्सासला नेऊन सोडलं. फेब्रुवारीत मायामीचे फेडरल जज फेडेरिको मोरेनो यांनी निकाल दिला की हा अर्थ लावणं चूक होतं, पूल अमेरिकेचाच आहे. नंतर त्यांच्यातल्या बहुतेकांना व्हिसा मिळून ते अमेरिकेत आले. पण विचार करा, पुढचा अखंड खांब मिळाला असता तर त्याच रात्री ते मायामीला असते.

समुद्रात सापडलेल्याला काहीच संधी नव्हती का?

थोडी होती. कोस्ट गार्डच्या जहाजावरच इमिग्रेशनचा अधिकारी मुलाखत घ्यायचा, परत गेल्यावर छळ होईल अशी भीती खरी वाटली तर त्या माणसाला ग्वांतानामोला न्यायचे आणि तिथून एखाद्या तिसऱ्याच देशात पाठवायचे, अमेरिकेत नाही. डेकवर, उन्हात, दोन दिवस उपाशी असताना दिलेल्या मुलाखतीवर सगळं अवलंबून असायचं, आणि पास होणारे फार थोडे.

लोक ट्रकमधून समुद्र पार करत होते हे खरंय का?

अगदी खरंय. जुलै २००३ मध्ये १९५१ चा हिरवा शेव्हरोलेट ट्रक फ्लोरिडाच्या दिशेने पाण्यावर चालताना सापडला. खाली रिकामी पिंपं बांधून तो तरंगता केला होता आणि इंजिनला पंखा जोडला होता. १२ माणसं होती. त्यांना परत पाठवलं आणि ट्रक समुद्रात बुडवला. त्यातल्या काहींनी पुढच्या वर्षी १९५९ ची ब्यूक गाडी तशीच तयार करून परत प्रयत्न केला. क्यूबात जुन्या अमेरिकन गाड्या पन्नास-पन्नास वर्षं चालत्या ठेवणारे मेकॅनिक आहेत, तेच हात हे काम करत होते. त्या ट्रकचा फोटो गंमत म्हणून फिरवला जातो, मला त्यात गंमत दिसत नाही, चांगला कारागीर माणूस बायको-मुलांना ट्रकमध्ये बसवून भर समुद्रात नेतो तेव्हा त्याने घरी सगळे हिशोब करून पाहिलेले असतात.

एलियान गोंझालेझ ओला होता की कोरडा?

२५ नोव्हेंबर १९९९ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, पाच वर्षांचा एलियान फोर्ट लॉडरडेलजवळच्या समुद्रात एका ट्यूबला धरून तरंगताना मच्छीमारांना सापडला. त्याची आई आणि बोटीतले बाकी बहुतेक सगळे बुडाले होते. तो समुद्रात सापडला म्हणजे नियमाने ओला, पण उपचारासाठी त्याला किनाऱ्यावर हॉस्पिटलला आणलं आणि तिथून मायामीतल्या नातेवाइकांकडे सोपवलं. मग वडिलांनी क्यूबातून त्याला परत मागितलं. पुढे प्रश्न ओल्या-कोरड्याचा राहिलाच नाही, एवढ्या लहान मुलाच्या वतीने आश्रय कोण मागू शकतं, वडील की काका-आजोबा, यावर सगळं आलं. सरकार आणि कोर्टं वडिलांच्या बाजूने गेली. २२ एप्रिल २००० ला पहाटे हत्यारबंद अधिकाऱ्यांनी घरात शिरून त्याला नेलं, आणि २८ जूनला तो वडिलांबरोबर क्यूबाला परत गेला.

हैतीच्या लोकांनाही असंच होतं का?

नाही. आणि या सगळ्या विषयात मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच.

हैतीचे लोक त्याच समुद्रातून, तशाच किंवा त्याहून वाईट बोटींतून, त्याच फ्लोरिडात यायचे. १९८१ मध्ये रेगन सरकारने दुवालिएच्या हुकूमशाही सरकारशी करार केला की हैतीच्या बोटी अडवून परत पाठवायच्या. १९९२ मध्ये थोरल्या बुश यांनी मुलाखतीशिवायच परत पाठवायचा हुकूम काढला आणि १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. जमिनीवर पोचलेला हैतियनसुद्धा डिटेन्शनमध्ये जायचा. समुद्रात क्यूबनांना निदान त्यांच्या भाषेत सांगायचे की भीती असेल तर बोला, हैतियन माणसाने स्वतःहून ओरडून किंवा खुणा करून भीती दाखवली तरच त्याची मुलाखत. एकाच किनाऱ्यावर, एकाच आठवड्यात उतरलेली दोन कुटुंबं, एक नातेवाइकांच्या घरी जेवायला आणि दुसरं क्रोम डिटेन्शन सेंटरला. मायामीत लिटल हवाना आणि लिटल हैती या वस्त्यांमध्ये गाडीने काही मिनिटांचं अंतर आहे, तिथे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

जमिनीवरून येणारे कुठून यायचे?

मेक्सिकोमार्गे. २००८ पासून इक्वाडोरला क्यूबनांना व्हिसा लागत नव्हता, आणि २०१३ च्या जानेवारीत क्यूबाने देश सोडायला लागणारा सरकारी परवाना रद्द केला. मग घर, मोटरसायकल, फ्रिज विकून इक्वाडोरच्या राजधानीचं, क्विटोचं, तिकीट काढायचं, तिथून कोलंबिया, पनामाच्या सीमेवरचं दारिएनचं जंगल, मग एकेक देश ओलांडत टेक्ससमधलं लारेडो. पुलावर जायचं, क्यूबन ओळखपत्र दाखवायचं, बोटांचे ठसे, काही तास थांबायचं, आणि पॅरोलचा शिक्का घेऊन बाहेर. शेजारच्या रांगेत होंडुरासची बाई मुलाला घेऊन उभी असायची, तिला हे नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये ओबामा आणि फिडेल यांचे भाऊ, तेव्हाचे क्यूबाचे अध्यक्ष राऊल कॅस्ट्रो यांनी संबंध सुधारायचं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता हे धोरण जाणार, मग जाण्याआधी पोचा, म्हणून गर्दी आणखी वाढली. नोव्हेंबर २०१५ मध्ये निकाराग्वाने सीमा बंद केली आणि हजारो क्यूबन कोस्टा रिकात अडकून पडले, शेवटी जानेवारीत त्यांना विमानाने पुढे एल साल्वाडोरला न्यायला सुरुवात झाली.

ओबामांनी अचानक का बंद केलं?

आधी जाहीर केलं असतं तर एकदम लोंढा आला असता, म्हणून. १२ जानेवारी २०१७, पद सोडायला आठ दिवस बाकी होते. त्याच दिवशी परदेशात पाठवलेल्या क्यूबन डॉक्टर-नर्सेससाठीचा वेगळा पॅरोल प्रोग्रॅमही संपला. बदल्यात क्यूबाने हद्दपार केलेल्यांना परत घ्यायचं कबूल केलं. जे त्या दिवशी पनामात किंवा मेक्सिकोत वाटेवर होते, घर विकून निघालेले, ते तिथेच राहिले.

मग येणं थांबलं का?

उलट. कोविड, औषधांचा तुटवडा, ११ जुलै २०२१ ची क्यूबातली निदर्शनं आणि त्यानंतरची धरपकड, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये निकाराग्वाने क्यूबनांसाठी व्हिसा काढून टाकला, म्हणजे तिथवर विमानाने जायचं आणि पुढे जमिनीवरून अमेरिकेच्या सीमेपर्यंत. २०२२ च्या आर्थिक वर्षात अमेरिकन सीमेवर क्यूबनांच्या सव्वादोन लाखांच्या आसपास नोंदी झाल्या, म्हणजे मारिएलपेक्षा कितीतरी जास्त. समुद्रातूनही आले, जानेवारी २०२३ मध्ये ड्राय टॉर्टुगाज या बेटांवरच्या नॅशनल पार्कमध्ये सुमारे ३०० लोक उतरले आणि पार्क काही दिवस बंद ठेवावं लागलं.

हे आय-२२०ए काय आहे, सगळे क्यूबन त्याबद्दल का बोलतात?

कारण आता ओल्या-कोरड्याची जागा या कागदाने घेतलीय.

२०२१-२२ मध्ये सीमेवर एवढी गर्दी होती की अधिकारी कोणाला पॅरोल देत होते, कोणाला आय-२२०ए नावाचा सुटकेचा कागद देऊन ‘कोर्टात हजर राहा’ सांगत होते. कोणाला काय मिळेल याला काही नियम दिसत नव्हता. नवरा-बायको एकत्र नदी ओलांडून आले, एकाच दिवशी, एकाच ऑफिसमध्ये, तिला पॅरोल आणि त्याला आय-२२०ए, अशा कित्येक जोड्या आहेत. त्या वेळी दोघंही खूश, दोघंही सुटले ना. मग वर्षभराने कळतं की १९६६ च्या कायद्याला पॅरोल लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने स्पष्ट सांगितलं की असा सुटकेचा कागद म्हणजे पॅरोल नव्हे. बायको पॅरोलवाली असेल तर तिला ग्रीन कार्ड मिळून त्यातून नवऱ्याला काही वाट निघू शकते, पण एकट्या माणसाला फक्त आश्रयाची केस उरते, आणि ती जिंकणं फार कठीण.

बायडन यांचा पॅरोल आणि आत्ताची स्थिती?

जानेवारी २०२३ मध्ये क्यूबा, हैती, निकाराग्वा, व्हेनेझुएला या चार देशांसाठी महिन्याला ३०,००० पर्यंत लोकांना पॅरोल सुरू झाला, अमेरिकेत स्पॉन्सर हवा, विमानाने यायचं, दोन वर्षांची मुदत. एक लाखाहून जास्त क्यूबन यातून आले. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो बंद केला, आधीच आलेल्यांचा पॅरोलही काढून घ्यायचं ठरवलं आणि ३० मे ला सुप्रीम कोर्टाने केस चालू असताना तसं करायला परवानगी दिली. जूनपासून क्यूबावर प्रवासबंदीचे निर्बंधही आले.

त्यांच्यामुळे आपली ग्रीन कार्डची रांग लांबते का?

नाही. आपल्या एच-१बी वाल्यांची रांग नोकरीच्या कोट्यामुळे आणि एका देशाला ७ टक्क्यांच्या मर्यादेमुळे आहे. क्यूबन कायद्याखालची ग्रीन कार्डं त्या कोट्यात मोजलीच जात नाहीत. वीस वर्षं रांगेत असलेल्या माणसाची चिडचिड मला पूर्ण समजते, पण ती या लोकांवर काढू नका.

निकाराग्वाचा मार्ग भारतीयांनीही वापरला ना?

हो. डिसेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाला निघालेलं ३०३ प्रवाशांचं, त्यात बहुतेक भारतीय, चार्टर विमान फ्रान्समध्ये वात्री विमानतळावर थांबवलं गेलं होतं, त्यातले २७६ जण मुंबईला परत आले. एजंट, कर्ज, जंगल, सगळं तसंच. फक्त पलीकडे १९६६ सारखा कायदा नाही.

१९६६ चा कायदा रद्द होईल का?

संसदेने १९९६ मध्येच लिहून ठेवलंय की क्यूबात लोकशाही मार्गाने निवडून आलेलं सरकार आहे असं अमेरिकेच्या अध्यक्षांनी ठरवल्यावरच तो जाईल. संसद ते बदलू शकते, पण तोपर्यंत कायदा आहे. प्रश्न पॅरोल कोण देणार हा आहे.

ओळखीच्या क्यूबन माणसाने सल्ला मागितला तर काय सांगायचं?

आधी कागद बघायला सांगा. आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद) आहे का, त्यावर पॅरोलचा शिक्का आणि तारीख आहे का, की फक्त आय-२२०ए आहे. सीमेवर मिळालेला प्रत्येक कागद जपायचा, झेरॉक्स वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. कोर्टाची तारीख चुकवायची नाही, पत्ता बदलला तर कोर्टाला आणि इमिग्रेशनला दोघांनाही कळवायचं, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली आणि माणूस हजर राहिला नाही तर त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघतो. आणि फॉर्म भरून देणाऱ्या नोटरीकडे जाऊ नका, फ्लोरिडातला नोटरी वकील नसतो, इमिग्रेशनचा खरा वकील किंवा सरकारमान्य संस्थेचा प्रतिनिधी गाठा. काही चर्चच्या संस्था कमी पैशात हे काम करतात, तिथे आधी फोन करून वेळ घ्यायची.